वजन कमी करण्याची सर्जरी: डॉक्टर ‘हो’ म्हणतात, विमा ‘नाही’ म्हणतो, असं का?

समजा तुमची उंची 160 सेंटीमीटर, वजन 80 किलो आहे आणि औषधं घेऊनही मधुमेह आटोक्यात येत नाही. तुमचा बीएमआय साधारण 31 भरतो. डॉक्टर तुम्हाला बॅरिॲट्रिक सर्जरी सुचवू शकतात. पण विम्याचे पैसे मिळणं कठीण आहे.

ही सर्जरी म्हणजे चरबी काढणं का?

नाही. ते लायपोसक्शन. त्यात कातडीखालची चरबी निघते, मधुमेह मात्र तिथेच राहतो.

बॅरिॲट्रिक सर्जरी पोटाच्या आत होते. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात. भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः याच भागात तयार होतं. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न खालच्या आतड्यात लवकर पोहोचतं आणि जीएलपी-1 हार्मोन वाढतं. हो, वेगोवीसारखी इंजेक्शनं ज्याची नक्कल करतात, तेच! म्हणून अनेकांची साखर वजन फारसं उतरण्याआधीच सुधारते. पुढे यकृतातली चरबीही घटते.

मग घोडं कुठे अडतं?

निकषांवर. 1991 मध्ये अमेरिकेत ठरलं की बीएमआय 40, किंवा सोबत गंभीर आजार असेल तर 35, असेल तरच सर्जरी करावी. 2022 मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी ही रेषा खाली आणली. आशियाई लोकांसाठी तर 27.5 च्या पुढे सर्जरीचा पर्याय द्यावा, असं सांगितलं. कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो.

भारतात विमा नियामक आयआरडीएआयच्या 2019 च्या नियमांत मात्र तेच जुने आकडे आहेत: 40, किंवा ठरावीक गंभीर आजारांसह 35. शिवाय आधी इतर उपाय करून झालेले असावे लागतात.

तुम्ही काय कराल?

पॉलिसीतलं लठ्ठपणाचं कलम आधी वाचा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. सर्जरी म्हणजे जादू नाही, हेही लक्षात ठेवा. बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि तपासण्या आयुष्यभर सुरू राहतात. पथ्य सुटलं तर वजन परत वाढू शकतं.

आता सुरुवातीचा हिशेब पुन्हा करा. 160 सेंटीमीटर उंचीला बीएमआय 35 म्हणजे जवळपास 90 किलो. मधुमेह आजच हाताबाहेर गेलाय, तरी विम्यासाठी आणखी 10 किलो वाढायची वाट पाहायची का?