सवयी कुणाच्या, पाणी कुणाचं?

मुळशीतल्या एका वाडीवर टायफॉईड होऊन गेलेल्या मुलाला भेटायला गेले होते. तपासणीत त्याच्या पोटात जंतही निघाले होते. दवाखान्यातून निघताना आईच्या हाती गोळ्या पडल्या आणि सोबत बोलणी, “तुम्हा लोकांना स्वच्छतेच्या सवयीच नाहीत.” बाई मला एवढंच म्हणाली, “ताई, हात धुवायचं कळतं हो. पण डोक्यावरून आणलेलं पाणी आधी पोटाला, मग हाताला.”

हे उत्तर लिहायला प्रश्नावलीत जागा नसते. जेवणापूर्वी हात धुता का? नखं कापता का? साबण वापरता का? ‘नाही’ आलं की निष्कर्ष तयार : अज्ञान. स्वयंपाक, पाणी, पोरांची शी-शू सारं बाईकडे, म्हणजे अज्ञानही तिचंच! हे नवं नाही. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन या स्वयंपाकिणीला टायफॉईडची वाहक म्हणून १९०७ साली पकडलं आणि दोन वेळा मिळून सुमारे २६ वर्षं बेटावर ठेवलं. त्या शहरात इतर वाहकही सापडले, त्यांत पुरुष होते. त्यांना असं मरेपर्यंत कोंडलं नाही.

टायफॉईडचे जंतू पाण्या-अन्नातून येतात, गोल जंतांची अंडी मातीत मुरून येतात. दोन्हींचं मूळ एकच : उघड्यावर पडलेला मैला. साबणाने ती वाट थोडी अडते; बंद होते ती शुद्ध पाण्याने आणि मैल्याच्या नीट व्यवस्थेने. हूकवर्म तर बहुधा अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. ओल्या बांधावर दिवसभर अनवाणी राबणाऱ्या बाईला हात धुण्याचा उपदेश काय कामाचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तरी जंतांची गोळी वाटली जाते ती मुख्यतः १ ते १९ वर्षांच्या मुलांना, आणि पुढे गरोदरपणी. म्हणजे बाईने एकतर मूल असावं, नाहीतर पोटुशी! चाळिशीतल्या आवणीवालीचं काय?

आणि हा तालुका कोणता? मुळशी! १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथल्या मावळ्यांनी, त्यांच्या बायाबापड्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच. ते पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज करतं, वीज मुंबईला जाते. याच तालुक्यात हिंजवडीच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. आणि ही वाडीवरची बाई उन्हाळ्यात हंडा घेऊन झऱ्याशी रांगेत बसते.

तेव्हा पाहणी करणाऱ्यांनी आधी हे विचारावं : पाणी किती लांब? आणतं कोण? विहिरीत औषध शेवटचं कधी टाकलं? संडास बांधला, त्यात पाणी आहे का? आणि मैत्रिणींनो, पाणी तपासणीचा अहवाल ग्रामसभेत मागा. एकटीने नको, दहाजणींनी मिळून मागा. सवयींचं आम्ही बघू. आधी नळाला पाणी येऊ द्या.