आवाज बंद केला म्हणजे बग सुटला?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण आहे ते "आवाज येतोय ना, मग तो बंद करा" या वृत्तीशी. ऑफिसात कोणी एक्सेप्शन पकडून गुपचूप गिळून टाकलं तर कोड रिव्ह्यूत आपण त्याची पार सालटी काढतो. पण अमेरिकेतली आपलीच मंडळी जुना पिकअप घेतात, इंजिन खडखडायला लागतं, आणि गॅरेजमध्ये जाऊन म्हणतात काय? "तेवढा आवाज घालवा, बाकी राहू दे."

उदाहरणच घेऊ. फोर्ड एफ-१५० च्या २००४ ते २०१० च्या मॉडेलांतलं ५.४ लिटरचं व्ही-८, सिलिंडरला तीन व्हॉल्व्हवालं. गाडी तापली, सिग्नलला उभी राहिली की टक-टक-टक. चार लोकांना विचारा, उत्तर ठरलेलं: "कॅम फेजर गेले." संपलं डायग्नोसिस!

अहो, पण फेजर चालतो कशावर ते तरी बघा. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी, हा हिशोब टायमिंग चेन सांभाळते. फेजर कॅमच्या टोकाला बसून व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागेपुढे करतो, तो ऑईलच्या दाबावर. चेन ताणून धरणारा टेन्शनरही त्याच दाबावर. आता या टेन्शनरच्या मागचं सील फुटलं की ऑईल तिथूनच निसटतं. तापलेलं इंजिन, पातळ ऑईल, कमी आरपीएम, म्हणजे दाब आधीच कमी आणि वर ही गळती. वर फेजरला दाब पुरत नाही आणि तो खडखडतो. ओरडतो एक, गुन्हेगार दुसराच.

पुढची गंमत ऐका. ढिली चेन प्लॅस्टिकच्या गाईडवर आपटते, गाईड तुटतो, तुकडे ऑईल पॅनमध्ये पडतात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. दाब आणखी कमी! शेवटी चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची भेट होते. त्या भेटीनंतर इंजिनाचे फोटोच काढायचे.

आणि आपले उपाय बघा. जाड ऑईल घाला: म्हणजे लॉग लेव्हल कमी केली. लॉकआउट बसवून फेजर कायमचे अडकवा आणि ट्यून बदला: म्हणजे फीचरच बंद. चेनमध्ये पाचर मारून, पुढचं कव्हर न काढता फक्त फेजर बदला: हे तर साक्षात शुक्रवार संध्याकाळचं डिप्लॉयमेंट. नवा फेजर, पण टेन्शनर, गाईड, चेन सगळं तसंच झिजलेलं.

आधी मोजा हो! डॅशबोर्डवरच्या ऑईलच्या काट्यावर जाऊ नका. तो साध्या स्विचवर चालतो. किमान दाब आहे, एवढंच सांगतो. पिंगला उत्तर आलं म्हणून सर्व्हर ठणठणीत असतो का? वेगळा गेज लावून, इंजिन पूर्ण तापवून, आयडलला दाब बघा. तो कमी निघाला तर कव्हर काढा आणि दोन्ही बाजूंच्या चेन, गाईड, टेन्शनर, फेजर, त्यांचे नवे बोल्ट असा सगळा संच एकदम बदला. ऑईल पॅन उतरवून जाळी साफ करा, पंप तपासा.

आता तुम्ही म्हणाल, मेकॅनिक लुटतो. काही लुटतातही, नाही कोण म्हणतं? पण इथे पैसा जातो तो मुख्यतः मजुरीत, उघडण्या-बसवण्याच्या तासांत. तेच कव्हर सहा महिन्यांनी पुन्हा काढायला लावणं ही बचत नव्हे. "एवढं उघडलंय तर हेही बदलू" म्हणणारा माणूस दर वेळी चोर नसतो. बऱ्याचदा तो त्या दुकानातला एकमेव इंजिनियर असतो.

गाडीची किंमतच तेवढी उरली नसेल तर खुशाल विका. पण घेणाऱ्याला आवाजाचं खरं कारण सांगून विका. जाड ऑईल घालून गप्प केलेलं इंजिन दुसऱ्याच्या गळ्यात मारणं याला जुगाड म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात.

असो. पटत नसेल तर भांडायला या, फक्त गेजचा आकडा घेऊन या :-)