आजारी कोंबडी बाजारात नेऊ नये

कोंबडी पिसे फुगवून कोपऱ्यात पेंगू लागली, दाण्याकडे पाठ फिरवू लागली, की खेड्यातील बहुतेक घरांत दोनच विचार सुचतात: ती मरण्यापूर्वी कापावी, अथवा येत्या आठवडे बाजारात मिळेल त्या भावाने विकून टाकावी. हा व्यवहार वरकरणी शहाणपणाचा दिसतो. अंगणातील पाच-सहा कोंबड्या हे घरातील बाईचे स्वतःचे धन असते. मीठमिरची, मुलांच्या वह्या, एखाद्या वेळचे एस.टी.चे भाडे त्यातूनच निघते. बुडत्या धनातले चार पैसे वाचविण्याची तिची धडपड समजण्यासारखी आहे. तथापि एखाद्या वर्षी गावातील सारी खुराडी ओस पडतात, त्याचे मूळ बऱ्याच अंशी याच व्यवहारात असते.

देशी कोंबड्यांचा सर्वांत घातक रोग म्हणजे मानमोडी. कुमाऊंतील राणीखेत येथे तो आढळला म्हणून त्यास राणीखेत असेही म्हणतात. कोंबडी चोच उघडी ठेवून श्वास घेते, हिरवट पांढरे पातळ हगते, पंख व पाय लुळे पडतात, मान पिरगळते. रोग विषाणूचा असल्याने तो बरा करणारे औषध नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस, क्वचित पंधरवडाही जातो. म्हणून रोग घरात शिरल्यावर धडधाकट दिसणारी कोंबडी विकणे हेही रोग विकणेच होय. असा माल स्वस्तात घेणाराही अखेर फसतोच. बाजारातून आणलेले पाखरू तीन आठवडे वेगळे ठेवणारे घर विरळाच.

कापण्याने तरी काय साधते? पिसे व आतडी उकिरड्यावर पडतात आणि शेजारच्या कोंबड्या तीच टोचतात.

प्रत्येक पेंगणारी कोंबडी मानमोडीचीच असते असे मात्र नव्हे. उवा, जंत, अडलेले अंडे यांनीही ती मलूल होते. म्हणून पहिले काम एकच: तिला तत्काळ दूर, आडोशाला, डालग्याखाली कोरडे पोते अंथरून ठेवावे. पाण्याचे भांडे निराळे असावे. शिजवलेल्या मऊ कण्या थोड्या थोड्या द्याव्यात. पिसांच्या मुळाशी उवा आहेत काय, पोट टणक लागते काय, विष्ठा कशी आहे, हे पाहावे. निरोगी कोंबड्यांचे दाणापाणी आधी व आजारी कोंबडीचे शेवटी करून हातपाय साबणाने धुवावेत. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या तिच्या घशात कोंबण्याची नवी खोड सोडून द्यावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

खरा उपाय लसीचा. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयास आर.टू.बी. लस टोचून देतात. अडचण अशी की एका कुपीत शंभर वा अधिक मात्रा असतात. ती बर्फात आणावी लागते आणि विरघळविल्यावर दोनएक तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांच्या मालकिणीने एकटीने ती आणणे परवडत नाही. म्हणून लसीकरण हा एका घराचा नव्हे, वाडीचा विषय आहे. बचत गटाने एक संध्याकाळ ठरवून, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, घरोघर लस टोचून घ्यावी. लस निरोगी पाखरांनाच द्यावयाची असते. साथ आल्यावर धावपळ करून तिचा उपयोग फारसा होत नाही.

एकाएकी अनेक कोंबड्या मरू लागल्या तर त्यांना उघड्या हातांनी शिवू नये आणि खाऊ तर मुळीच नये. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूमुळे लाखो पाखरे नष्ट करावी लागली होती. अशा वेळी दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. एखाददुसरी मेलेली कोंबडी नाल्यात न फेकता चुन्यासह खोल पुरावी, पोते जाळावे, खुराडे खरवडून चुन्याने सारवावे आणि काही आठवडे उन्हात रिकामेच राहू द्यावे.