आइनस्टाइनला सोलर पॅनेलवरून खाली उतरवा

सोनपेठला बाकी कशाचा तोटा असेल, उन्हाचा नाही. मराठवाड्यात सोलर पंपाचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. पण पॅनेलबरोबर एक थाप फुकट मिळते: "हे चालतं फोटोइलेक्ट्रिक इफेक्टवर, ज्याच्यासाठी आइनस्टाइनला नोबेल मिळालं." गाइडात हेच, क्लासमध्ये हेच, आणि माझे बी.ई. झालेले मित्रसुद्धा टपरीवर हेच ठोकून देतात.

साफ चूक! गंमत म्हणजे ती आइनस्टाइनच्याच समीकरणाने पकडता येते.

१९०५ सालचं त्याचं म्हणणं असं, की प्रकाश पुडक्या-पुडक्यांनी येतो. एका पुडक्याच्या ऊर्जेतून पदार्थाबाहेर पडायचा खर्च (वर्क फंक्शन हो, बारावीतलं) वजा करा. उरेल ती इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त गतिज ऊर्जा. प्रकाश प्रखर केला तर पुडकी वाढतील, पण प्रत्येक पुडकं तेवढंच राहणार.

आता सिलिकॉनचा हा खर्च साधारण ४.६ ते ४.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. जांभळा प्रकाश ४०० नॅनोमीटरचा धरा, १२४० भागिले ४००, म्हणजे ३.१. ओझोनमुळे साधारण २९५ च्या खालचं काही जमिनीपर्यंत पोचतच नाही, म्हणजे फार तर ४.२. कुठून बाहेर पडणार इलेक्ट्रॉन? मे महिन्याच्या भर दुपारीही नाही.

पॅनेलमध्ये तो बाहेर पडतच नाही. आतल्या आत सुटा होतो, त्याला १.१ पुरतात, आणि जोडावरचं विद्युत क्षेत्र त्याला एका बाजूला ढकलतं. हा फोटोव्होल्टाइक परिणाम. बेकरेलने तो १८३९ मध्ये पाहिला, आइनस्टाइनच्या जन्माआधी ४० वर्षं!

"नावात काय एवढं राव?" आहे ना. नावापाशी थांबलेला माणूस पुढचं विचारत नाही. मग "ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त" हेही खपून जातं. प्रकाशाने करंट वाढतो हे खरं, पण पॅनेल तापलं की व्होल्टेज पडतो. २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी. पॅनेल ६५ अंशांवर गेलं की १२ ते १६ टक्के गेलेच. म्हणून पत्र्याला चिकटवून पॅनेल बसवणाऱ्याला आधी खाली वाऱ्याला फट ठेवायला सांगा.

आणि गाइडवाल्यांनो, ४०० नॅनोमीटरचं उदाहरण तुम्ही सोडवून घेताच. त्याच्या शेजारी सिलिकॉनचा आकडा छापा, पोरं स्वतःच वजाबाकी करतील.