झिंगा मासा आहे काय?

छावणीच्या आठवडी बाजारात बोंबील आणि सुकट शेजारी शेजारी विकायला असतात. घेणाऱ्याला दोन्ही सुकी मासळीच. मात्र हनफी फिकहच्या दृष्टीने बोंबील निर्विवाद हलाल, आणि सुकट म्हणजे वाळवलेला बारीक झिंगा हा शतकानुशतकांच्या वादाचा विषय आहे.

कुराणाच्या पाचव्या सूरेतील 96वी आयत समुद्रातील शिकार आणि अन्न वैध ठरवते. शाफईंनी हे वचन व्यापक अर्थाने घेतले. त्यामुळे शाफई असलेल्या कोकणी मुसलमानांच्या घरी कोळंबी, शेवंड बिनदिक्कत शिजते. हनफींनी मात्र मेलेला मासा व टोळ हलाल ठरवणाऱ्या हदीसचा आधार घेऊन जलचरांतील फक्त मासाच ग्राह्य धरला. आता प्रश्न उरला तो असा, की झिंगा मासा आहे काय?

आम्हांला ह्या वादाचे आकर्षण आहे ते इथे. कारण त्याचा निवाडा देण्यासाठी विद्वान कोशांकडे वळले. चौदाव्या शतकातील दमीरीने आपल्या प्राणिकोशात झिंग्याला छोटा मासा म्हटले आहे; तेवढ्यावर अनेकांनी तो हलाल मानला. दुसऱ्यांनी प्राणिशास्त्राचा दाखला दिला: त्याला ना कणा, ना कल्ले माशासारखे, तेव्हा तो मासा नव्हे. शब्दाचा अर्थ कोणी ठरवायचा, कोशकाराने, शास्त्रज्ञाने की बोलणाऱ्या लोकांनी? उर्दूत तर सरळ 'झिंगा मछली' म्हणतात!

ह्याला शब्दच्छल म्हणून हसणाऱ्यांनी जरा महाभाष्य आठवावे. पाच पंचनखी प्राणी भक्ष्य आहेत, असे म्हटल्याने उरलेले अभक्ष्य कसे ठरतात, ह्याची चर्चा पतंजलीने केलीच आहे. तिला आपण व्याकरण म्हणतो, मीमांसा म्हणतो, आणि वर्गात आदराने शिकवतो. तीच बुद्धी अरबीतून चालली, की तो कर्मठपणा ठरतो. हा दुजाभाव आम्हांला खटकतो.

मराठीत 'हलाल' हा शब्द सुरीपाशी येऊन थांबला आहे. 2015च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर तर मुसलमानांच्या अन्नाविषयी बोलणे म्हणजे गोमांसाविषयी बोलणे, असेच समीकरण झाले. निर्णय घेण्याची रीत, मतभेदाला असलेली मान्यता, दुसऱ्या सूरेतील 173व्या आयतीने लाचारीत निषिद्ध खावे लागलेल्याला दिलेली सूट, ह्यांचा उल्लेखही क्वचितच होतो. (आमच्या साहित्यातला मुसलमान तर शीरखुर्मा देण्यापुरताच दारात येतो, ती गोष्ट वेगळी.)

छावणीतल्या एखाद्या हनफी घरात कोकणातून सून आली आणि तिने कोळंबीचे कालवण केले, तर सासू कदाचित ते ताटात घेणार नाही. पण सुनेने हराम खाल्ले, असे तिला म्हणता येणार नाही. शाफईंचे मतही तिच्या शास्त्राला प्रमाण आहे.