औषधाआधी पाणी तपासा



काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस आता पुष्कळ घरांत आणि शाळांतही दिसते. पेटी नवी असते तेव्हा सारे कौतुकाने पाहतात. मग एके दिवशी त्यातला एखादा गोल्डफिश तळाशी निपचित बसून राहतो. त्याचे पर अंगालगत मिटलेले असतात, रंग फिका पडलेला असतो आणि खाण्याकडे त्याचे लक्ष नसते. किंवा तो पृष्ठभागाशी येऊन तोंडाची सारखी उघडझाप करू लागतो. लगेच धावपळ सुरू होते. कोणी दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणतो, कोणी घरात उरलेली प्रतिजैविकाची कॅप्सूल पाण्यात फोडतो, कोणी मूठभर मीठ टाकतो. दोन दिवसांनी मासा मरतो आणि आपण म्हणतो, "औषध लागू पडले नाही."

"आजार रेड्याला आणि औषध पखालीला" अशी आपल्याकडे एक म्हण आहे. मासे पाळताना ती बरोबर उलटी होते. आजार पखालीतल्या पाण्याला असतो आणि औषध मात्र रेड्याला मिळते! माझे म्हणणे एवढेच आहे की, पाणी तपासल्यावाचून माशाला औषध देऊ नये.

असे का, ते पाहा. खोलीतली हवा कोंदट झाली तर आपण खिडकी उघडतो किंवा बाहेर जातो. माशाला यातले काहीच करता येत नाही. ज्या पाण्यातून तो प्राणवायू घेतो, त्याच पाण्यात त्याचे उत्सर्जित पदार्थही मिसळतात. त्यांतला मुख्य म्हणजे अमोनिया. तो बहुतांशी कल्ल्यांवाटे बाहेर पडतो आणि त्याच कल्ल्यांना इजा करतो. नदी किंवा तळ्यात तो पुष्कळ पाण्यात विरून जातो. वीस लिटरच्या पेटीत तो जाणार कोठे?

या प्रश्नाचे उत्तर निसर्गाने दिले आहे. वाळूवर, दगडांवर आणि गाळणीत राहणारे काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही जीवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारी आहे. त्याच्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य. जमिनीत असेच काम करणारे जीवाणू विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले होते. नव्या पेटीत या जीवाणूंची वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र पहिल्याच दिवशी आठ-दहा मासे सोडतो! पुढे पेटी घाण दिसली की सगळे पाणी ओततो आणि वाळू व गाळणी नळाखाली खसखसून धुतो. पेटी लखलखीत होते, पण माशांचे सफाई कामगार त्या धुण्यातच नाहीसे होतात.

प्राणवायूचेही गणित आहे. २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा आहे. पाणी तापले की त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. एप्रिल-मेमध्ये अरुंद तोंडाच्या गोल भांड्यात ठेवलेला मासा पृष्ठभागाशी धापा टाकत असेल, तर त्यावर बाटलीतले कोणते औषध चालणार?

म्हणून डॉक्टर रोग्याला विचारतात तसे प्रश्न आपण पेटीला विचारावेत. सगळेच मासे एकदम अस्वस्थ झाले आहेत की एकच? सगळे झाले असतील तर पहिला संशय पाण्यावर घ्यावा. त्रास पहाटे जास्त दिसतो का? पाणवनस्पती रात्री प्राणवायू फक्त वापरतात, त्यामुळे दाट वनस्पतींच्या पेटीत पहाटे तो सर्वांत कमी असतो. पाणी बदलल्यावर लगेच त्रास सुरू झाला का? मग नळाच्या पाण्यातला क्लोरीन किंवा तापमानातला फरक यांचा विचार करावा. अमोनिया आणि सामू मोजण्याचे साधे संच बाजारात मिळतात. सामू ७ चा ८ झाला की अमोनियाचा अधिक विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, म्हणून दोन्ही आकडे हवेत.

"एवढी चौकशी करेपर्यंत मासा मरेल," असे कोणी म्हणेल. परंतु प्रथमोपचार थांबवा, असे मी म्हणत नाही. पाव ते एक-तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनरहित आणि त्याच तापमानाचे असावे. फोटो धुण्यासाठी वापरतात तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन तत्काळ नाहीसा करतो. दुकानात मिळणाऱ्या क्लोरीननाशकांत पुष्कळदा तोच असतो. त्याचे प्रमाण बाटलीवर पाहून घ्यावे. पाण्यात हवा सोडावी आणि एक दिवस खाणे बंद ठेवावे. इतके केल्याने रोगी माशाचेही सहसा नुकसान होत नाही.

काही रोगांना औषध लागतेच. अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा एक परजीवी आहे. तो माशाच्या त्वचेखाली वाढतो, मग गळून तळाशी जातो आणि तेथे विभागून शेकडो नवे जीव सोडतो. ते पोहत नवा मासा शोधतात. औषधाचा परिणाम मुख्यतः या पोहणाऱ्या अवस्थेवर होतो. त्वचेखाली बसलेल्यावर होत नाही. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणे ही मोठी चूक ठरते. ठिपके गेले, कारण शत्रू वाढण्यासाठी तळाशी गेला! मात्र गोल्डफिशच्या नराला प्रजननाच्या काळात कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर पांढरे कण येतात. तो रोगच नव्हे. पाहिल्यावाचून औषध ओतणारा त्या निरोगी माशालाही 'बरे' करू पाहील.

चुकीचे औषध निरुपद्रवी असते, हाही भ्रम आहे. कित्येक जंतुनाशके आणि ते निळे औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, पेटीतल्या उपयोगी जीवाणूंनाही मारतात. मग अमोनिया आणखी वाढतो. उगाच वापरलेल्या प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू तयार होतात आणि त्यांचा उपद्रव पेटीपुरता राहत नाही. औषध द्यायचेच तर मासा वेगळ्या भांड्यात ठेवून, रोग ओळखून आणि प्रमाण मोजून द्यावे.

शिक्षकांना एक विनंती आहे. शाळेत पेटी असेल तर तिच्याशेजारी एक वही ठेवा. रोज ठरावीक वेळी एका विद्यार्थ्याने पाण्याचे तापमान, खाणे आणि माशाच्या कल्ल्यांची झाकणे मिनिटाला किती वेळा हलतात हे लिहावे. निरोगी माशाचा आकडा ठाऊक असेल तरच बिघडलेला आकडा ओळखता येतो. या वहीला खर्च काहीच नाही आणि निरीक्षण म्हणजे काय, हे ती कोणत्याही धड्यापेक्षा अधिक चांगले शिकवील.

"मेला तर दुसरा आणू, स्वस्तच मिळतो," असे म्हणणारेही भेटतात. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. किंमत कमी म्हणून त्याचे गुदमरणे कमी होत नाही. त्याला पेटीत आपण ठेवले आहे आणि त्याचे पाणी बदलणे केवळ आपल्याच हाती आहे. तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी मासा मलूल दिसला, तर बाटलीकडे हात नेण्याआधी पाण्यात तापमापी बुडवा.