खाद्य लस आणि मात्रेचा प्रश्न

वनस्पतीतून लस देण्याची कल्पना आयुर्वेदीयांना सहजच आपलीशी वाटते. रसायनचिकित्सेस आधुनिक विज्ञानाने दिलेला हा दुजोराच होय, असेही कोणी म्हणतात. आम्हांस हे मत मान्य नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९९२ साली अमेरिकेत चार्ल्स आर्न्टझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेपॅटायटिस-बी विषाणूचे पृष्ठप्रथिन तंबाखूच्या रोपात निर्माण केले. २००० साली नॉर्वॉक विषाणूचे प्रथिन असलेले बटाटे २० स्वयंसेवकांना खाऊ घातले गेले. १९ जणांत प्रतिकारक प्रतिसाद आढळला. शिजविल्यास प्रथिन बिघडते, म्हणून बटाटे कच्चेच दिले होते. तथापि प्रत्येक कंदात प्रथिन सारखे नसते. मात्रा उणी पडली तर संरक्षण नाही. मुखावाटे वारंवार दिल्यास शरीरास त्याचे ओकसात्म्य होऊन प्रतिकारच न उमटण्याची शक्यता. २०२२ साली कॅनडाने तंबाखूच्या जातीतील रोपात निर्मिलेल्या कोविड लसीस मान्यता दिली. पण तीही टोचण्याचीच होती, आणि पुढच्याच वर्षी ती कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. माणसासाठी मान्यताप्राप्त खाद्य लस आजही बाजारात नाही.

या प्रयोगांत वनस्पती केवळ पात्र आहे. कार्य घडते ते विषाणूच्या प्रथिनाने. बटाट्याच्या रस-वीर्य-विपाकाचा तेथे संबंध नाही. मग हा दुजोरा कसला? काश्यपसंहितेतील सुवर्णप्राशन मेधा, अग्नी व बल वाढविण्यासाठी सांगितले आहे. त्याला 'आयुर्वेदीय लस' म्हणून पुष्य नक्षत्रावर शिबिरे भरविणे ही ग्रंथाशीही प्रतारणाच. त्या शब्दावर विसंबून एखाद्या मातेने बालकाची गोवराची लस टाळली, तर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे?

औषधनिर्मात्यांनी घ्यावयाचा बोध निराळा आहे. इतके संशोधन अडले ते मात्रेपाशी. आपली गुळवेल कोणत्या ऋतूत, कोणत्या भूमीतून आली, यावर तिचे गुण पालटतात, हे आपलेच शास्त्र सांगते. असे असता प्रत्येक घाणीची परीक्षा न करता एकाच नावाने माल विकणे कितपत योग्य?

वैद्यबंधूंनी रुग्णास लसीकरणाविषयी निःसंदिग्ध सल्ला द्यावा, निर्मात्यांनी वेष्टनावरून 'लस' हा शब्द कटाक्षाने दूर ठेवावा. शास्त्राची प्रतिष्ठा उसन्या शब्दांनी वाढत नाही. ती नेमक्या मात्रेने आणि सत्य वचनानेच टिकते.